विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकाची दुरुस्ती आणि मांडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज एक्सपी 25 ऑक्टोबर 2001 रोजी बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टने तिचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी थांबवला. तरीही छपाईची दुकाने, जुन्या वह्या डॉसवरील प्रोग्रॅममध्ये ठेवणाऱ्या पेढ्या, ग्रंथालये आणि कार्यशाळा येथे हे संगणक अजून चालू आहेत. पुढील उत्तरे अशा संगणकाची प्रत्यक्ष जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्यासाठी लिहिली आहेत. आज्ञांची आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावीत.

आजच्या काळात एक्सपी वापरत राहणे योग्य आहे का?

रोजच्या पत्रव्यवहारासाठी, बँकेच्या कामासाठी किंवा इंटरनेटसाठी मुळीच नाही. मात्र काही कामे अशी आहेत की ती या संगणकाशिवाय अडतात. 64 बिट विंडोजवर 16 बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यामुळे डॉसच्या काळातील हिशेबाचे प्रोग्रॅम नव्या संगणकावर थेट उघडत नाहीत. पॅरलल पोर्टला (प्रिंटरच्या जुन्या रुंद जोडणीला) लावलेल्या डोंगलवर, म्हणजे परवान्याची खातरी करणाऱ्या छोट्या उपकरणावर, चालणारी मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर, पेजमेकरमध्ये जुळवलेली पुस्तके, विशिष्ट कार्ड लागणारी यंत्रे आणि ज्यांचा ड्रायव्हर पुढे कधीच निघाला नाही असे स्कॅनर यांचीही तीच स्थिती आहे. अशा संगणकाला एकाच कामाचे यंत्र समजावे, इंटरनेटपासून दूर ठेवावे आणि त्यातील माहितीची प्रत नेहमी बाहेर असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सगळी उत्तरे याच भूमिकेतून लिहिली आहेत.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सर्वांत आधी काय करावे?

हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत काढावी. बहुतेक लोक हे काम शेवटी करतात आणि तेथेच नुकसान होते. पंधरा-वीस वर्षे फिरलेली डिस्क आज सुरू झाली म्हणून उद्याही सुरू होईल असे धरता येत नाही, आणि दुरुस्तीच्या अनेक आज्ञा डिस्कवर लिहितात, म्हणजे चूक झाल्यास मूळ स्थिती परत मिळत नाही.

सोपा मार्ग असा की डिस्क बाहेर काढून आयडीई (जुनी, रुंद पट्टीची) किंवा साटा (नंतरची, अरुंद केबलची) जोडणी यूएसबीत बदलणाऱ्या अडॅप्टरने ती चांगल्या संगणकाला लावावी आणि क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने तिची प्रतिमा घ्यावी. जुनी आयडीई डिस्क लावताना तिच्यावरील जंपर 'मास्टर' स्थितीत आहे का ते पाहावे. प्रत ज्या डिस्कवर ठेवायची ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, किंवा एखादी फाइल उघडताना संगणक मिनिटभर गोठत असेल, तर चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधील चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा, चालवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. चेकडिस्क डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचण्याचा हट्ट धरते आणि मरणाला टेकलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही. अशा वेळी लिनक्सच्या थेट चालणाऱ्या सीडीवरील डीडी-रेस्क्यू हे साधन वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेते आणि अडलेल्या भागाकडे नंतर वळते, त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी बरेच काही हाती लागलेले असते. दुरुस्तीचे प्रयोग नंतर प्रतीवर करावेत, मूळ डिस्कवर नाही.

'एनटीएलडीआर इज मिसिंग' असा संदेश येतो. आता काय करावे?

'एनटीएलडीआर' ही विंडोज सुरू करून देणारी फाइल आहे. आधी फ्लॉपी, पेन ड्राइव्ह आणि सीडी काढून संगणक पुन्हा सुरू करावा. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरील सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये, पहिला क्रम फ्लॉपीला किंवा यूएसबीला दिलेला असेल, तर संगणक तेथेच विंडोज शोधत बसतो आणि हा संदेश देतो. पुष्कळ वेळा काम एवढ्यावरच भागते.

तसे नसेल तर एक्सपीच्या मूळ सीडीवरून संगणक सुरू करावा आणि पहिल्या पडद्यावर 'आर' दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून दुरुस्ती करण्याच्या पडद्यावर, जावे. तेथे अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला जातो. होम आवृत्तीत तो बहुधा रिकामा असतो, म्हणून नुसते एंटर दाबावे. त्यानंतर सीडीवरील 'आय386' फोल्डरमधून 'एनटीएलडीआर' आणि 'एनटीडिटेक्ट डॉट कॉम' या दोन फाइली 'कॉपी' आज्ञेने सी ड्राइव्हच्या मुळाशी आणाव्यात आणि 'फिक्सबूट' ही आज्ञा द्यावी. 'फिक्सएमबीआर' मात्र सरसकट देऊ नये. डिस्कवर दुसरी कार्यप्रणाली असेल किंवा विभागणी वेगळ्या साधनाने केलेली असेल, तर ती आज्ञा असलेली घडी विस्कटू शकते.

'हॅल डॉट डीएलएल' फाइल सापडत नाही असे येते. ती फाइल बदलावी का?

सहसा नाही. ही फाइल जागेवर असते, पण 'बूट डॉट आयएनआय' मध्ये विंडोज कोणत्या विभागात आहे ते चुकीचे लिहिलेले असते, आणि संगणक भलत्याच विभागात ती फाइल शोधतो. डिस्कची नव्याने विभागणी केल्यावर किंवा दुसरी डिस्क जोडल्यावर असे हमखास घडते. रिकव्हरी कन्सोलमध्ये 'बूटसीएफजी' ही आज्ञा 'रीबिल्ड' या पर्यायासह दिली की नोंद नव्याने तयार होते.

निळा पडदा क्षणभर दिसतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. संदेश वाचायचा कसा?

संगणक सुरू होताना एफ8 दाबत राहावे. येणाऱ्या यादीत बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. मग निळा पडदा स्थिर राहतो आणि त्यावरील 'स्टॉप' शब्दापुढचा आकडा उतरवून घेता येतो. निदान त्या आकड्यावरूनच होते.

शेवटी 7बी असलेला आकडा म्हणजे विंडोजला आपली डिस्कच दिसत नाही. मदरबोर्ड बदलल्यावर, किंवा बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय या नव्या प्रकारची झाल्यावर हा संदेश येतो, आणि ती पद्धत पुन्हा आयडीई किंवा 'कम्पॅटिबल' केली की विंडोज उघडते. बायोसची बॅटरी संपून जुन्या निवडी पुसल्या गेल्या, तर कोणी काही न बदलताही हा प्रकार घडू शकतो, हे लक्षात ठेवावे. शेवटी 24 किंवा ईडी असेल तर फाइलींची नोंदव्यवस्था बिघडली आहे. प्रत काढल्यानंतर रिकव्हरी कन्सोलमधून चेकडिस्क 'आर' पर्यायासह चालवावी. 7ए असेल तर डिस्क किंवा तिची केबल संशयास्पद समजावी. शून्य ए किंवा 50 असेल तर रॅमच्या पट्ट्या एकेक काढून पाहाव्यात आणि अलीकडे टाकलेला ड्रायव्हर आठवावा.

आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवून पेटी उघडावी. 2000 नंतरच्या पहिल्या दशकातील मदरबोर्डांवर डोके फुगलेले कपॅसिटर वारंवार आढळतात. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा थर आणि सुकलेली पेस्टही असतेच. वीजपुरवठ्याचा खोका अशक्त झाला की सगळीच लक्षणे एकदम दिसू लागतात. विंडोज पुन्हा टाकून यातले काहीच दुरुस्त होत नाही.

'सिस्टिम 32 कॉन्फिग सिस्टिम' ही फाइल खराब झाल्याचे सांगून संगणक थांबतो. माहिती गेली का?

माहिती बहुधा जशीच्या तशी असते. खराब झालेली असते ती रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जची नोंदवही. काम चालू असताना वीज जाणे हे तिचे नेहमीचे कारण आहे, म्हणून ज्या गावात भारनियमन आहे तेथे अशा संगणकाला लहानसा का होईना, यूपीएस असलाच पाहिजे.

एफ8 च्या यादीतील 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' आधी करून पाहावे. ते न चालल्यास रजिस्ट्रीच्या जुन्या प्रती दोन ठिकाणी मिळतात. 'विंडोज' फोल्डरमधील 'रिपेअर' फोल्डरात विंडोज पहिल्यांदा टाकली तेव्हाची प्रत असते. ती वापरली तर नंतर टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदी दिसेनाशा होतात, आणि विंडोज आधीच भरून आलेल्या कंपनीच्या संगणकावर तर ती वापरूच नये. दुसरी आणि अधिक चांगली जागा म्हणजे 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' हे लपवलेले फोल्डर. सिस्टिम रिस्टोअर (विंडोजची आधीची स्थिती जपण्याची सोय) चालू असेल तर त्यात तारखेवार स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या प्रती, असतात. लिनक्सच्या सीडीवरून संगणक सुरू करून बिघाडाच्या आदल्या तारखेचा स्नॅपशॉट शोधावा, त्यातील 'सिस्टिम', 'सॉफ्टवेअर', 'सॅम', 'सिक्युरिटी' आणि 'डिफॉल्ट' या पाच फाइली, नावापुढील लांबलचक उपसर्ग काढून, 'कॉन्फिग' फोल्डरात ठेवाव्यात. पाचही फाइली एकाच तारखेच्या असाव्यात. खराब झालेल्या मूळ फाइली पुसू नयेत, त्यांची नावे बदलून तेथेच ठेवाव्यात.

सॉफ्टवेअर न गमावता विंडोज पुन्हा टाकता येते का?

येते. सीडीवरून सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावर 'आर' न दाबता एंटर दाबावे, एफ8 ने करार मान्य करावा, आणि विंडोज आधीपासून असल्याचे दिसल्यावर दुसऱ्या वेळी 'आर' दाबावे. यात विंडोजच्या फाइली नव्याने येतात, सॉफ्टवेअर आणि कागदपत्रे राहतात. सीडी आणि संगणकावरील विंडोज एकाच प्रकारची आणि शक्यतो एकाच सर्व्हिस पॅकची असावी. दुसऱ्या वेळी 'आर'चा पर्यायच दिसला नाही तर तेथेच थांबावे. पुढे गेल्यास कोरी विंडोज टाकली जाते.

संगणक अतिशय मंद झाला आहे. फॉरमॅट करावा का?

लगेच नको. एक्सपीच्या मंदपणाचे एक कारण फार थोड्यांना माहीत असते आणि त्यापायी चांगले चालणारे संगणक मोडीत गेले आहेत.

आयडीई डिस्क सामान्यतः डीएमए पद्धतीने माहिती देते, म्हणजे प्रोसेसरला प्रत्येक अक्षर स्वतः वाहून आणावे लागत नाही. वाचनात सहा वेळा चूक झाली की एक्सपी त्या जोडणीचा वेग एक पायरी खाली आणते, आणि अशा पायऱ्या उतरत शेवटी ती पीआयओ या जुन्या पद्धतीवर पोहोचते. त्या पद्धतीत सगळे ओझे प्रोसेसरवर पडते. एखादी सैल केबल किंवा ओरखडे पडलेली सीडी एवढ्यानेही हे घडू शकते. एकदा खाली आलेला वेग चूक दूर झाल्यावरही आपोआप वर जात नाही, आणि विंडोज याबद्दल एक अक्षरही सांगत नाही.

तपासण्यासाठी डिव्हाइस मॅनेजर उघडावे, आयडीई कंट्रोलरच्या खाली 'प्रायमरी आयडीई चॅनल' वर दोनदा क्लिक करून 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' पाहावी. चालू पद्धतीपुढे 'अल्ट्रा डीएमए' ऐवजी 'पीआयओ' दिसत असेल तर दोष सापडला. तो चॅनल डिव्हाइस मॅनेजरमधूनच काढून टाकावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा; विंडोज तो नव्याने ओळखते आणि वेग परत येतो. काही दिवसांत पुन्हा पीआयओ दिसले तर 80 तारांची नवी केबल घालावी, आणि तरीही तसेच झाले तर डिस्कचा निरोप घ्यावा.

दुसरे कारण म्हणजे 'ऑटोमॅटिक अपडेट्स'. अद्यतने येणे बंद झाले तरी ही सेवा शोध घेत राहते आणि टास्क मॅनेजरमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' प्रोसेसरचा बराच भाग खाताना दिसते. ती कंट्रोल पॅनेलमधून बंद करावी. 'रन' मध्ये 'एमएसकॉन्फिग' टंकून 'स्टार्टअप' या भागातील अनावश्यक प्रोग्रॅम काढावेत. सी ड्राइव्हवर निदान 15 टक्के जागा मोकळी ठेवावी, नाहीतर डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे, नीट होत नाही. रॅम 256 एमबी किंवा त्याहून कमी असेल तर ती वाढवण्याइतका परिणाम दुसऱ्या कशानेही होत नाही.

संगणकाची तारीख दर वेळी मागे जाते.

मदरबोर्डवरील सीआर2032 ही नाण्याच्या आकाराची बॅटरी बदलावी. तारीख चुकली की हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी भलत्या वर्षात पडतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

एक्सपीवर मराठी युनिकोडमध्ये कसे टंकावे?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारे जागतिक मानक. त्यात मराठी टंकण्याची सोय एक्सपीत मुळातच आहे, पण ती चालू करावी लागते. कंट्रोल पॅनेलमधील 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडून 'लँग्वेजेस' या भागात जटिल लिपी आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइली बसवण्याचा चौकोन असतो, त्यावर खूण करावी. विंडोज आपली सीडी मागते. सीडीवरील 'आय386' फोल्डर एकदा डिस्कवर उतरवून ठेवले तर ही मागणी पुढेही सहज भागते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तेथेच 'डिटेल्स' वर क्लिक करून 'अॅड' ने मराठी भाषा आणि मराठी कीबोर्ड जोडावा. खालच्या पट्टीवर भाषेची खूण दिसू लागते, आणि डावीकडील ऑल्ट व शिफ्ट एकत्र दाबले की इंग्रजी आणि मराठी यांची अदलाबदल होते.

हा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण मांडणीचा आहे. मराठीला विशेष लागणाऱ्या जागा लक्षात ठेवाव्यात : 'ळ' साठी शिफ्टसह एन, पाय मोडण्यासाठी डी, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतील रफारासारख्या दिसणाऱ्या आडव्या 'र'साठी शिफ्टसह जे, मग डी, मग 'य'. साधा 'र' वापरला तर 'दुसर्या' असे चुकीचे रूप उमटते. मांडणी पाठ होईपर्यंत 'रन' मध्ये 'ओएसके' टंकून पडद्यावरील कीबोर्ड उघडा ठेवता येतो.

त्याच खिडकीत 'कस्टमाइझ' मध्ये आकड्यांची विभागणी लाख-कोटींच्या पद्धतीने, म्हणजे 12,34,56,789 अशी करता येते. तारखेत दिवस आधी आणि महिना नंतर ठेवण्यासाठी प्रदेश म्हणून 'इंग्लिश युनायटेड किंगडम' निवडावा.

नव्या संगणकावरून आलेल्या मराठी मजकुरात मधेच चौकोन का दिसतात?

एक्सपीसोबत येणारा मंगल फॉन्ट जुना आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, आवृत्ती 5.1 मध्ये आले, आणि रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै 2010 मध्ये स्वीकारल्यावर त्याच वर्षी आवृत्ती 6.0 मध्ये आले. जुन्या फॉन्टमध्ये ही दोन्ही नाहीत. त्यापूर्वी 'अ' आणि चंद्र वेगवेगळे टंकून, बहुधा मधे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून, हेच अक्षर जुळवले जात असे. परिणामी पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी वेगळे ठरतात आणि शोधात एकमेकांना सापडत नाहीत. जुन्या सूच्या नव्या संगणकावर नेताना आधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावे.

नवा देवनागरी फॉन्ट टाकून चौकोन जाऊ शकतात, पण एक काळजी घ्यावी. एक्सपी जोडाक्षरे जुळवताना फॉन्टमधील जुनीच नियमावली वाचते. ज्या नव्या फॉन्टमध्ये ती जुनी नियमावली ठेवलेलीच नाही, तेथे अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे सुटी पडतात. म्हणून फॉन्ट टाकल्यावर 'क्ष', 'ज्ञ', 'र्थ' आणि 'ऱ्या' असलेले एखादे वाक्य टंकून पाहावे.

जुन्या मराठी फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल खराब झाली आहे का?

नाही. युनिकोडपूर्वी श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम आणि अशा इतर सॉफ्टवेअरचे फॉन्ट देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी ठेवत असत. फॉन्ट नसेल तर त्या जागांची मूळ रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव येते ते पाहावे आणि तो फॉन्ट बसवावा.

या फाइली टिकवण्याबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. महाराष्ट्रातील कितीतरी स्मरणिका, स्थानिक इतिहास, दिवाळी अंक आणि संस्थांचे अहवाल आज केवळ अशा फॉन्टमध्ये शिल्लक आहेत. सॉफ्टवेअर आणि डोंगल चालू आहेत तोवर प्रत्येक दस्तऐवजाची तीन रूपे करून ठेवावीत : मूळ फाइल, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ, आणि रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणलेला मजकूर. रूपांतरकाचे काम डोळ्यांखालून घालावे लागते, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही काही जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. फॉन्टच्या फाइलीही त्याच फोल्डरात ठेवाव्यात.

डॉसचा प्रोग्रॅम उघडताना 'ऑटोएक्झेक डॉट एनटी' योग्य नाही असे येते.

ही फाइल 'सिस्टिम 32' मधून नाहीशी झालेली असते. 'विंडोज' मधील 'रिपेअर' फोल्डरातून तिची प्रत तेथे आणावी. पुन्हा नाहीशी झाली तर संगणकात व्हायरस आहे असे समजून शोध घ्यावा आणि फाइलीला 'रीड ओन्ली' करावे. जास्त फाइली उघडल्याची तक्रार करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी शेजारच्याच 'कॉन्फिग डॉट एनटी' मधील 'फाइल्स' हा आकडा वाढवावा.

डॉसच्या प्रोग्रॅममधून यूएसबी प्रिंटरवर बिल छापता येईल का?

प्रिंटर डॉट मॅट्रिक्स असेल तर येईल. डॉसचा प्रोग्रॅम 'एलपीटी1' या पोर्टकडे मजकूर पाठवतो, त्याला यूएसबी माहीत नसते. म्हणून प्रिंटर आधी 'शेअर' करावा, त्याला मोकळी जागा नसलेले छोटे नाव द्यावे, आणि 'नेट यूज' या आज्ञेने 'एलपीटी1' त्या नावाला जोडावे. 'पर्सिस्टंट यस' असे लिहिल्यास जोडणी पुढच्या वेळीही राहते. संगणकाला खरा पॅरलल पोर्ट असेल तर तो बंद करावा किंवा 'एलपीटी2' वापरावे. नेटवर्कची केबल लावलेली नसेल तर ही जोडणी कधी कधी होत नाही. तेव्हा हार्डवेअर जोडण्याच्या खिडकीतून मायक्रोसॉफ्टचा 'लूपबॅक अडॅप्टर', म्हणजे सॉफ्टवेअरमधले काल्पनिक नेटवर्क कार्ड, बसवावा.

स्वस्तातील अनेक लेझर आणि इंकजेट प्रिंटरांना नुसता मजकूर कळत नाही, त्यांचे सगळे काम विंडोजचा ड्रायव्हर करतो. त्यांच्यावर या मार्गाने कोरा कागद बाहेर येतो किंवा काहीच येत नाही.

नवीन संगणकावरून एक्सपीचे शेअर केलेले फोल्डर दिसत नाही.

एक्सपीला फाइल देवाणघेवाणीची एसएमबी1 हीच पद्धत येते. विंडोज 10 मध्ये 2017 च्या उत्तरार्धातील आवृत्तीपासून ती सामान्यतः बसवलेली नसते. ती मुद्दाम चालू करता येते, पण माझा सल्ला करू नये असाच आहे. मे 2017 मधील वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच पद्धतीतील दोषातून जगभर पसरला आणि मायक्रोसॉफ्टला आधार संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. एका जुन्या संगणकासाठी कार्यालयातील सगळे संगणक उघडे टाकू नयेत. फाइली पेन ड्राइव्हने न्याव्यात. एक्सएफएटी पद्धतीचा पेन ड्राइव्ह एक्सपी वेगळ्या अद्यतनाशिवाय वाचत नाही, म्हणून तो फॅट32 ठेवावा.

संकेतस्थळे उघडत नाहीत. काही उपाय?

एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर 8 ला आजची सुरक्षित जोडणीची पद्धत येत नाही. क्रोमची 49 आणि फायरफॉक्सची 52 ही मालिका एक्सपीसाठी शेवटची ठरली. उपाय शोधत बसण्यापेक्षा नेटवर्कची केबल काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

पेन ड्राइव्हमधील फोल्डर गायब होऊन शॉर्टकट दिसतात.

फोल्डर लपवलेले असतात, पुसलेले नसतात. शॉर्टकट उघडू नयेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या ड्राइव्हवर 'अॅट्रिब' ही आज्ञा वजा एच, वजा एस, आणि तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी या पर्यायांसह द्यावी, म्हणजे फोल्डर दिसू लागतात. त्यानंतर शॉर्टकट आणि अनोळखी फाइली पुसाव्यात. शक्य असल्यास हे काम लिनक्सच्या संगणकावर करावे. पेन ड्राइव्ह लावताना शिफ्ट दाबून धरल्यास तो आपोआप चालू होत नाही. प्रोफेशनल आवृत्तीत ही सोय 'जीपीएडिट' मधून कायमची बंद करता येते आणि ती केलीच पाहिजे.

आधीच्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना 'अॅक्सेस इज डिनाइड' येते.

विंडोज पुन्हा टाकल्यावर जुन्या फोल्डरांचा मालक बदललेला नसतो. प्रोफेशनल आवृत्तीत 'फोल्डर ऑप्शन्स' मधून 'सिंपल फाइल शेअरिंग' बंद करावे. होम आवृत्तीत सेफ मोडमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून जावे. मग फोल्डरच्या गुणधर्मांत 'सिक्युरिटी' हा भाग दिसतो आणि तेथून मालकी घेता येते. फाइलींची नावे हिरव्या रंगात दिसत असतील तर मात्र त्या कूटबद्ध केलेल्या आहेत, आणि जुने प्रमाणपत्र जवळ नसेल तर मालकी घेऊनही त्या उघडणार नाहीत. विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

मोठी डिस्क, एसएसडी किंवा जास्त रॅम लावता येईल का?

32 बिट एक्सपी 4 जीबी रॅममधील साधारण 3 ते 3.5 जीबीच वापरते. 137 जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी निदान सर्व्हिस पॅक 1 लागतो, आणि 2 टीबीच्या पुढील जागा वापरता येत नाही. एसएसडी चालते, पण एक्सपी डिस्कची विभागणी 63 व्या सेक्टरपासून सुरू करते आणि त्याने एसएसडीचे काम वाढते. विभागणी आधी लिनक्सच्या साधनाने 2048 व्या सेक्टरपासून करून घ्यावी आणि मगच विंडोज टाकावी.

हा संगणक आभासी रूपात नव्या संगणकात ठेवता येईल का?

बहुतेक वेळा येतो, आणि पेटी कधीही बंद पडू शकते हे जाणून तयारी आधीच करावी. जुना संगणक चालू असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल' हा सर्वसाधारण ड्रायव्हर द्यावा आणि लगेच, पुन्हा सुरू न करता, संगणक बंद करून डिस्कची प्रतिमा घ्यावी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती प्रतिमा साटाऐवजी आयडीई कंट्रोलरला जोडावी. हे केले नाही तर वर सांगितलेला 7बी चा निळा पडदा समोर येतो. जुन्या संगणकाच्या 'कॉम्प्युटर' या नोंदीत 'मल्टिप्रोसेसर' असे लिहिलेले असेल तर आभासी यंत्रात 'आयओ एपिक' हा पर्याय चालू ठेवावा.

हार्डवेअर बदलल्यामुळे विंडोज पुन्हा सक्रिय करण्याची मागणी होते, आणि संगणकासोबत आलेला परवाना त्या पेटीशी बांधलेला असतो, हे ध्यानात घ्यावे. यूएसबी डोंगल आभासी यंत्राकडे सोपवता येते. पॅरलल पोर्टचे डोंगल मात्र यूएसबी अडॅप्टरवर सहसा चालत नाही. त्यासाठी विक्रेत्याकडून यूएसबी डोंगल बदलून मिळते का ते विचारावे, आणि मिळत नसेल तर त्या सॉफ्टवेअरमधील दस्तऐवजांची पीडीएफ आणि युनिकोड रूपे काढण्याचे काम आधी हाती घ्यावे.